जाधवबाईंना भूल कोण देणार?

मिरजेच्या डॉक्टर मंडळींना त्या हिवाळ्यात बोलायला एकच विषय होता: जाधवबाईंना भूल कोण देणार? बाईंच्या यकृतात गाठ निघाली होती. कॅन्सरची. पोट उघडायचं नव्हतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बरगड्यांमधून लांब सुई घालायची आणि गाठीत शुद्ध अल्कोहोल सोडून तिला जागच्या जागी मारायचं, असं ठरलं होतं. सुई मी धरणार होतो. त्याची कुणालाच काळजी वाटली नाही, हे मला जरा लागलं, पण ते असो. बाईंच्या उशाशी कोण उभं राहणार, हा खरा प्रश्न होता. सांगली-मिरजेतल्या निम्म्या भूलतज्ज्ञांना बाईंनीच शिकवलेलं. विचारायला गेलं की एकाला निपाणीचं लग्न आठवायचं, दुसऱ्याची कंबर धरायची.

आणि भूल कोणती, हा त्याहून मोठा घोळ होता. पूर्ण झोपवायचं, की जागेवर सुन्न करून जागंच ठेवायचं? बाईंनी परस्पर जाहीर करून टाकलं होतं, "मी जागी राहणार." कुणी झोपायचं आणि कुणी जागं राहायचं, हे त्यांनी जन्मभर दुसऱ्यांसाठी ठरवलं होतं. स्वतःच्या वेळी तो अधिकार त्या सोडतील, असं त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही वाटलं नाही.

कुमुद जाधव मूळच्या वडूजकडच्या. ठेंगण्या, सावळ्या, बोलायला चटपटीत. साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि मोपेडच्या हँडलला कापडी पिशवी अडकवलेली. त्या काळात छोट्या दवाखान्यांकडे स्वतःचा भूलतज्ज्ञ नसायचा. बाई सकाळी सांगलीत सिझर, दुपारी मिरजेत हर्निया, मध्येच कुठं तासगाव रस्त्याला मोडलेला पाय, अशा फिरत असायच्या. पिशवीत त्यांचा काळा रबरी मास्क, स्टेथोस्कोप आणि माहेरच्या भाजक्या शेंगा. केस संपली आणि पेशंटनं डोळे उघडले की बाई थिएटरच्या पायरीवर बसून शेंगा फोडायच्या. पेशंट उठल्याशिवाय एक शेंग फुटायची नाही. आम्ही बाहेर उभे असलो तर आवाजावरून कळायचं, की आतला माणूस शुद्धीवर आलाय.

मी साताऱ्याहून मिरजेत नवा आलो तेव्हा सोनोग्राफीचं यंत्र घेऊन आलो, आणि आल्याच्या आठवड्यात बाईंनी माझं नाव 'फोटोग्राफर' ठेवलं. मला राग आला होता. पण बाईंनी ठेवलेलं नाव सगळ्या गावाला पुरायचं. शेवटी माझे पेशंटही "फोटोग्राफर डॉक्टर हायत का?" असं विचारत येऊ लागले आणि मी नाद सोडला.

त्यांचे यजमान गणिताचे शिक्षक. जाधव सरांना कुठंही झोप लागायची. एस.टी.त, सत्यनारायणाच्या पूजेत, आणि एकदा तर भाषण करायला व्यासपीठावर बसलेले असताना. "आमच्या घरात भुलीचं औषध शिल्लकच राहतं," बाई म्हणायच्या. सर हसायचे आणि हसता हसता पेंगायचे.

"झोपवायला कुणीही झोपवेल, उठवायला मी लागते," हे बाईंचं रोजचं वाक्य. पण त्यांची खरी करामत थिएटरात नव्हतीच, ती आदल्या संध्याकाळी वॉर्डात चालायची. बाई पेशंटच्या कॉटवर ऐसपैस बसायच्या. शेजारच्या स्टुलावर नाही, कॉटवरच. मग गप्पा सुरू. शेत कुठं, पाणी आहे का, सून कशी आहे, घोरता का, जिना चढताना दम लागतो का. आम्हाला वाटायचं, बाईंना चकाट्या पिटायची सवय आहे. उठताना मात्र त्या वही न उघडता सांगायच्या, "ह्यांना पूर्ण झोप," किंवा "ह्यांना जागं ठेवू."

साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार आले होते. मिशा अशा, की सिस्टर घाबरून हळू बोलायच्या. "बिगर भुलीचं कापा मला. लढाईत छर्रा काढला तवा कुणी भूल दिली हुती?" असं ते अख्ख्या वॉर्डाला ऐकवत होते. बाईंनी त्यांचं सगळं शौर्य मन लावून ऐकलं. बाहेर येऊन सर्जनला म्हणाल्या, "पूर्ण झोप. बोलताना गडी चादरीची कड चुरगाळतोय, बघितलंत?" मग परत आत गेल्या आणि सुभेदारांना म्हणाल्या, "तुमची तयारी आहे हो, पण आमच्या मशिनला जागा माणूस चालत नाही. नियम आहे." सुभेदारांनी असा काही सुस्कारा सोडला! "नियम म्हंजे नियम," ते म्हणाले. असा कुठलाही नियम नव्हता. गावी परतल्यावर ते मशिनलाच शिव्या घालत असत म्हणे, आणि बाईंना ते पसंत होतं.

गाठीत अल्कोहोल सोडण्याचा मिरजेतला माझा पहिला पेशंट म्हणजे विट्याचे आप्पा. विट्याकडची माणसं सोनं गाळायला देशभर पांगलेली असतात. आप्पांची भट्टी तमिळ मुलखात होती. पोटाच्या उजव्या बाजूला दुखतं म्हणून गावी आले आणि माझ्या पडद्यावर त्यांची गाठ दिसली. यकृत आधीच कडक झालेलं, त्यामुळं कापाकापी शक्य नव्हती. सुईचं तंत्र मी मुंबईत पाहिलं होतं, पण स्वतःच्या हातानं पहिलीच वेळ. मी बाईंना सांगून टाकलं, "पूर्ण झोपवा. हलला तर पंचाईत."

बाईंनी विचारलं, "झोप त्यांना पाहिजे, की तुम्हाला?"

बाईच पुढं म्हणाल्या, "फोटोग्राफर, झोपेचं औषध शरीरातून उतरवायचं काम यकृत करतं. इथं यकृतच अंथरुणाला खिळलंय. घरात पाहुणा आणून बसवायचा आणि त्याला पोचवायला माणूस नाही, असं होईल."

माझी अडचणही खोटी नव्हती. माणूस श्वास घेतो तसं यकृत खालीवर होतं. गाठ लिंबाएवढी. सुई आत शिरताना पेशंटनं श्वास धरून निपचित पडायला हवं, नाहीतर सुई भलतीकडे जाते. त्यात अल्कोहोल गाठीत शिरलं की झोंबतं. जागा माणूस हे सगळं सोसून दम धरेल का?

बाई जाऊन आप्पांच्या कॉटवर बसल्या.

"आप्पा, सोन्यावर आम्ल ओतलं की धूर उठत असेल ना?"

"लय वंगाळ धूर. डोळ्यांतनं पानी काढतुय."

"मग काय करता?"

"दम धरायचा. धूर छातीत गेला की खोकला येतुय, खोकला आला की हात हालतुय, आन हात हालला की माल सांडतुय. आमच्यात पोरं पयल्यांदा दम धरायलाच शिकत्यात."

बाई माझ्याकडं बघून नुसत्या हसल्या. आप्पांना जागं ठेवायचं ठरलं. पोटावर सुन्न करणारं इंजेक्शन आणि शिरेतून थोडी गुंगी, बस्स. मग मी आप्पांना समजावून सांगू लागलो आणि 'अल्कोहोल' म्हणजे काय ते सांगताना अडकलो. आप्पा ताडकन उठून बसले.

"दारू? आवं डाक्टर, सुपारीचं खांड कवा तोंडात टाकलं न्हाई म्या, आन तुमी मला दारू टोचताय व्हय?"

"तुम्हाला नाही आप्पा, गाठीला पाजतोय," बाई म्हणाल्या. "तिला सवय नाही. एका झटक्यात गार होईल."

"मग पाजा की. लय पाजा तिला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा थिएटरच्या दारात. गुंगी द्यायची म्हणजे पोट रिकामं लागतं, हे आदल्या दिवशी सगळ्यांना बजावून झालं होतं. सिस्टरनं विचारलं, "आप्पा, काही खाल्लंय?" आप्पा म्हणाले, न्हाई. त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "पान्याचा घोट दिला न्हाई, देवाशपथ." सिस्टरनं ट्रॉली आत ढकलली. तेवढ्यात बाईंनी दांडा धरला आणि मंडळींना विचारलं, "वहिनी, निघताना हातावर काय ठेवलं?"

"दही-साकर ठिवली की वो. एवढ्या मोठ्या कामाला मानूस तसाच धाडायचा व्हय?"

"एकदाच?"

"आता जावा हायत, नंदा हायत, आल्यात समद्या विट्यासनं. कुनाला नको म्हनायचं? ज्येनं त्येनं ठिवली."

"आन वरनं धाकलीनं पेढा," आप्पांनी इमानदारीत भर घातली.

म्हणजे वाटीभर दही, साखर आणि एक पेढा पोटात घेऊन गडी उपाशी होता! खोटं कुणीच बोललं नव्हतं. आपल्याकडं दही-साखर हे खाणं नव्हेच. बाईंना हे ठाऊक होतं, म्हणून त्या "काही खाल्लं का?" असं कधीच विचारायच्या नाहीत. हातावर काय ठेवलं, हेच विचारायच्या.

त्या दिवशीचं काम रद्द झालं. मी चिडलो होतो. विट्याच्या बायका रडकुंडीला आल्या, शुभ करायला गेलो आणि अपशकुन झाला म्हणून. बाईंनी त्यांना गोळा करून बसवलं. गुंगीत अन्न वर येऊन श्वासाच्या नळीत गेलं तर काय होतं, ते सांगितलं. रागावल्या अजिबात नाहीत. "दही उद्या परत विरजा. फक्त काम झाल्यावर ठेवू, आणि पहिलं मी ठेवणार," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आप्पा टेबलावर. बाई त्यांच्या उशाशी, एक हात त्यांच्या कपाळावर. मी खूण केली तशी बाई म्हणाल्या, "आप्पा, धूर उठला!" आप्पांनी दम धरला. पडद्यावर यकृत असं थांबलं, की जणू भिंतीवर टांगलेलं चित्र. सुई गाठीत गेली. अल्कोहोल शिरताना आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण पोट हललं नाही. पुढं आणखी काही वेळा ते येत राहिले. सुईची त्यांनी कधी तक्रार केली नाही. काम झालं की मात्र तळहात पुढं करायचे, आणि बाई त्यावर दही-साखर ठेवायच्या.

बाईंच्या हाताखाली त्या सुमाराला डॉक्टर वैशाली कांबळे शिकत होती. तीही विट्याकडचीच, अबोल, पण जे बोलेल ते नेमकं. पहिला महिनाभर बाईंनी तिला यंत्राला हात लावू दिला नव्हता. "आधी कॉटवर बसून ये," एवढंच. तिला माणसांशी बोलायचा संकोच वाटायचा. बाई तिला मुद्दाम सगळ्यात बडबड्या म्हाताऱ्यांकडं पाठवायच्या, आणि ती परत आली की विचारायच्या, "घाबरलेत का? कशाला?" "ऑपरेशनला," असं उत्तर दिलं की तिला परत पाठवायच्या. ऑपरेशनला कुणी घाबरत नसतं, म्हणायच्या. प्रत्येकाचं भ्यायचं वेगळं असतं आणि ते आपल्याला माहीत पाहिजे.

मी नवं यंत्र घेतलं त्या दिवशी चित्र नीट दिसतं का हे बघायला कुणाचं तरी पोट हवं होतं. बाई दारातच होत्या. "घ्या माझं. शेंगांनी भरलेलं आहे," म्हणत आडव्या झाल्या. मी बडबडत यंत्र फिरवत होतो. उजव्या बरगडीखाली आलो आणि माझी बडबड थांबली.

"काय हो फोटोग्राफर? फोटो हलला?"

मी परत बघितलं. छाती-पोटामधल्या श्वासपटलाला चिकटून, अगदी वर, जांभळाएवढी गाठ. बाईंनी मान वळवून पडदा बघितला. त्या कितीतरी वर्षं माझ्या शेजारी उभ्या राहून असले पडदे बघत आल्या होत्या. त्यांना सांगायचं काही उरलंच नव्हतं. पूर्वी कधीतरी कुणा पेशंटची सुई बोटात घुसून त्यांना कावीळ झाली होती. ती बरी झाली म्हणून त्या विसरल्या होत्या, ती काही बाईंना विसरली नव्हती. बाई उठल्या, पोटावरची जेली पुसली आणि म्हणाल्या, "यंत्र चांगलं आहे. ठेवून घ्या." मला फार वाईट वाटलं. त्यांच्यासमोर रडायची सोय नव्हती, म्हणून मी यंत्र पुसत बसलो.

तर अशा रीतीनं आम्ही त्या हिवाळ्यात येऊन पोचलो. लग्नं आणि कंबरदुख्या संपल्यावर एकटी वैशालीच उरली. ती म्हणाली, "मी देईन." आणि आदल्या संध्याकाळी ती बाईंच्या खोलीत शिरली आणि सरळ त्यांच्या कॉटवर जाऊन बसली. मी कागदपत्रांवर सही घ्यायला आलो होतो, तो दाराशीच थांबलो. जाधव सर खिडकीपाशी खुर्चीत होते.

"घोरता का बाई?" वैशालीनं विचारलं.

"ह्यांना विचार."

"मला काय माहीत? मी तिच्याआधी झोपतो," सर म्हणाले.

वैशाली हसली नाही. म्हणाली, "बाई, मी पूर्ण झोप देणार आहे."

"कशाला? जागेवर सुन्न कर. जागी राहून दम धरते मी. आप्पांनी धरला, मला येत नाही का?"

"तुमची गाठ आप्पांच्यासारखी नाही. फार वर आहे, तिथं यकृत सगळ्यात जास्त हलतं. झोपेत श्वास माझ्या हातात राहील. यंत्राचा श्वासाचा फुगा दाबून धरला की डॉक्टरांना पाहिजे तेवढा वेळ सगळं थांबेल, आणि एकाच वेळी पुरेसं औषध सोडता येईल. तुमचं यकृत आप्पांइतकं थकलेलं नाही. रिपोर्ट पाहिलेत मी. लवकर उतरेल असंच औषध देईन."

"आणि जागी राहिले तर?"

"जाग्या राहिलात तर तुम्ही दम धरणारच नाही, बाई. माझ्या सिरिंजमध्ये किती औषध आहे ते बघाल, डॉक्टरांच्या सुईचा कोन बघाल, सिस्टरला रागवाल."

कोपऱ्यातली सिस्टर तोंड फिरवून हसली, कारण त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

मग वैशालीनं हळूच विचारलं, "बाई, भीती कशाची आहे?"

त्या खोलीत आम्ही सगळेच एकदम अवघडलो. बाईंना हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नव्हती. बाईंची बोटं चादरीची कड चुरगाळत होती.

"मरायची नाही गं," त्या म्हणाल्या. "ते होईल तेव्हा होईल. पण सगळे झोपतात तेव्हा जागी असते ती मी. इतकी वर्षं. मी झोपले तर जागं कोण?"

"मी," वैशाली म्हणाली.

बाईंनी सही केली. सकाळी ट्रॉलीवर त्या पुन्हा मूळच्या ताळ्यावर आलेल्या. मला म्हणाल्या, "फोटोग्राफर, इतक्या लोकांना ज्या गावाला पाठवलं, ते एकदा बघून येते म्हणते." वैशालीनं मास्क लावला. बाईंनी दोनदा तिला मास्क कसा धरावा ते सांगितलं, तिसऱ्यांदा सांगताना वाक्य अर्धवट राहिलं.

थिएटरात इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. वैशालीनं फुगा दाबून धरला, यकृत थांबलं, मी सुई घातली. ती नेमकी गाठीत बसली, ही माझी नव्हे, त्या फुग्याची कृपा. पडद्यावर गाठ पांढरी होत गेली. बाहेर बाकावर जाधव सर ताठ बसून होते. कुठंही झोपणारा तो माणूस त्या दिवशी पापणी लववत नव्हता.

बाईंनी डोळे उघडले तेव्हा वैशालीचा हात त्यांच्या कपाळावर होता. मी वाकून विचारलं, "बाई, कसं आहे ते गाव?"

जीभ जड होती. बाईंनी ओठ ओले केले, विचार केला आणि अत्यंत निराश होऊन म्हणाल्या, "काहीच नाही हो तिथं."

आणि मग स्वतःच हसायला लागल्या. बरगडी दुखत होती तरी हसत होत्या. "आणि लोक किती भितात! मीसुद्धा!" मागं वळून बघतो तर दाराबाहेर जाधव सर बाकावरच गाढ झोपलेले.

महिन्याभरात बाईंची मोपेड पुन्हा सांगली रस्त्याला लागली. गाठ पुढं परत उगवली, आम्ही परत तिला पाजली. काही वर्षं अशी हातघाई चालली, आणि बाईंनी ती वर्षं कामं करत करतच काढली. मी मिरज सोडून परत साताऱ्याला गेलो. नव्या सहस्रकाची चर्चा सुरू झाली त्या सुमाराला एकदा मिरजेला आलो होतो, तेव्हा त्यांना शेवटचं बघितलं.

खूप वाळल्या होत्या. पदर तसाच खोचलेला. थिएटरच्या दाराशी ट्रॉलीवर बाईंच्या माहेरकडची, खटाव तालुक्यातली एक कोवळी गरोदर पोर होती, सिझरसाठी आणलेली. तिनं बाईंचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि एकच प्रश्न विचारत होती, "मी उठंन न्हवं वो, बाई? उठंन न्हवं?"

वैशाली आत यंत्रापाशी तयार होती. बाई घाईत नव्हत्या. वाकून, वडूजच्या बोलीत, एखाद्या मावशीनं सांगावं तसं त्यांनी तिला सांगितलं, "मी जाऊन आलीया बाय तिथं. कायबी नसतंय. जा नि ये."

पोरीनं मनगट सोडलं. ट्रॉली आत गेली, आणि बाई पायरीवर बसून वाट बघू लागल्या.